किचन शेड बंद असल्याचं कारण

मी खूप फास्ट टाइप करते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळंच घडलंय. लोणावळ्यात एका रिसॉर्टच्या रिझर्व्हेशन डेस्कला आहे मी. एका वेळी सहा-सात गेस्ट चॅटवर असतात. कुणाला जैन जेवण पाहिजे, कुणाला खालचीच रूम पाहिजे कारण सासूचे गुडघे दुखतात, कुणी विचारतं धुकं किती वाजता सुरू होतं. खरंच विचारतात! सगळ्यांना एकदम उत्तरं द्यायची, एकाचं दुसऱ्याला जाऊ द्यायचं नाही. समोरचा बोलत असतानाच माझी बोटं ते लिहून मोकळी होतात.

तर मागच्या पावसाळ्यात ह्याच बोटांनी मी एका माणसावर सूड उगवला. अख्ख्या गावासमोर, दिवसाढवळ्या, शाळेच्या वर्गात बसून. आणि मला अजिबात वाईट वाटत नाही. म्हणजे एका गोष्टीचं वाटतं, ती येईल पुढं.

आमचं गाव कामशेतवरून आत, पवनेच्या बाजूला. जीपनं अर्धा तास, पावसात पाऊण. वर आळीत शेतकऱ्यांची घरं, खाली ओढ्याच्या अंगाला आमची वस्ती आणि आमचं विहार, आणि दोन्हीच्या बरोबर मधे झेडपीची शाळा. शाळेच्या तीन इमारती. एक जुनी, दगडी भिंतींची, कौलारू, दोन खोल्या. एक नवी, स्लॅबची, तीन खोल्या. आणि मागं करंजाच्या झाडाखाली विटांचं, पत्रा टाकलेलं किचन शेड. मी शिकत होते तेव्हा शाळेत साठ-सत्तर पोरं असायची. आता अकरा आहेत. बाकीची पिवळ्या बसनं कामशेतच्या इंग्लिश मीडियमला जातात.

माझी आई त्या किचन शेडमधे खिचडी करायची.

मी तेव्हा तिसरीत. आई रोज माझ्याबरोबरच शाळेत यायची, फक्त मी पुढच्या दारानं आणि ती मागच्या. तांदूळ शाळेचा, पण मिरची आमच्या परसातली आणि लसूण ती घरून ठेचून न्यायची, पदरात बांधून. अकरा वाजले की फोडणीचा वास वर्गात यायचा आणि पाढे म्हणता म्हणता सगळ्यांचा आवाज बारीक व्हायचा. मला काय भारी वाटायचं! माझ्या आईच्या फोडणीनं अख्खी शाळा भुकेजते!

आईला सही मी शिकवली. अंगठा लावायची ती. मला लाज वाटायची, म्हणून मी डाळ शिजेपर्यंत तिला बसवायचे. पाटी वर्गातून आणायला परवानगी नव्हती, मग चुलीमागच्या काळ्या झालेल्या भिंतीवर खिळ्यानं अक्षरं काढायची. काजळी खरवडली की खालची वीट लाल दिसायची. मी काढायचे, ती गिरवायची. तिची मात्रा नेहमी उजवीकडं कलायची. पंधरा दिवसांत सही आली. त्या महिन्याला तिनं रजिस्टरवर अशी सही केली की सरांनी मान वर करून बघितलं.

आता भाऊ. नाव लिहीत नाही, गावात सगळे भाऊच म्हणतात. तेव्हा शाळा समितीचा अध्यक्ष तोच, स्लॅबच्या खोल्यांचा ठेका घेतलेला तोच, आणि गावात काय ठरलं हे ठरवणाराही तोच. त्याची एक पद्धत होती. बैठक असली की आधी सह्या. कोऱ्या पानावर. "सह्या उरकून घ्या रं, लोकांना कामं हायत," असं म्हणायचा, आणि पहिली सही स्वतः ठोकायचा, लांबलचक, खाली दोन रेघा ओढून. मग लोक बोलायचे, भांडायचे, चहा प्यायचे, भात लावायला निघून जायचे. सगळे गेल्यावर भाऊ खुर्चीत मागं रेलायचा आणि सरांना सांगायचा, हं, लिवा. तो सांगेल ते बैठकीत ठरलेलं असायचं. सगळ्या गावाला हे माहीत होतं आणि सगळ्या गावाला ते सोयीचं होतं. कोण थांबतंय कागद वाचायला?

एक दिवस आम्ही शाळेत गेलो तर किचन शेडला कुलूप. आई बाहेर उभी, पदरात लसूण. सर बाहेर आले, पण आईकडं बघेनात. त्यांनी रजिस्टर आणून पुढं धरलं. आईला सही येत होती, वाचता येत नव्हतं. म्हणून ते मी वाचलं. मोठ्यानं, कारण वर्गात मोठ्यानं वाचायची सवय.

"सदर स्वयंपाकी महिलेने घरगुती अडचणीमुळे स्वखुशीने काम सोडले आहे."

खाली आईची सही, मागच्या बैठकीत कोऱ्या पानावर केलेली. कललेल्या मात्रेसकट.

आई म्हणाली, "स्वखुशीनं म्हंजे?"

मी म्हणाले, "आनंदाने."

तिसरीत होते हो मी. मला अर्थ येत होता त्याचाच आनंद झाला होता. आई लसूण तसाच बांधलेला घेऊन वळली आणि घरी गेली, आणि मी वर्गात जाऊन बसले. हे मला आजही सहन होत नाही, की मी वर्गात जाऊन बसले.

खरं कारण गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. भाऊची मुलगी माझ्याच वर्गात होती. भाऊ दुकानाच्या पायरीवर बसून म्हणाला होता, आमची पोर तिच्या हातचं खाणार न्हाई. पण हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. लिहिलं होतं ते स्वखुशीने. त्याच्यानंतर खिचडी भाऊच्या वहिनीच्या घरी शिजून पातेल्यातून यायला लागली, गार, बिनलसणाची. किचन शेडमधे भाऊनं स्लॅब ओतायच्या लोखंडी सेंट्रिंगच्या प्लेटा भरल्या आणि कुलूप लावलं. आई लोणावळ्याला चिक्कीच्या कारखान्यात लागली. अजून तिथंच आहे, आणि आता आम्ही राहतोही लोणावळ्यालाच.

आणि ती मुलगी? ती खायची! रोज! करंजाच्या मागं, माझ्या ताटात, माझ्याच घासातला घास. आई दोघींना पुरेल एवढं वाढायची आणि कुणाला काही बोलायची नाही. हे फक्त तिघींना माहीत होतं.

तर. मागच्या उन्हाळ्यात आमच्या शाळेच्या आत्ताच्या सरांचा फोन आला. नवीन आहेत, तरुण आहेत, उत्साही आहेत. म्हणाले, "ताई, वरून आलंय, पट कमी झालेल्या जुन्या शाळांच्या इमारतींची पाहणी करायचीय, आणि ह्या वेळी गावाला सोबत घेऊन करायचीय. पालक, ज्येष्ठ, माजी विद्यार्थी. कुठली खोली ठेवायची, कुठली पाडायची, गावानंच सांगायचं. तुम्ही माजी विद्यार्थी म्हणून याल का? आणि तुम्हाला टायपिंग येतं ना?"

मी म्हटलं, येतं.

त्यांनी फॉर्म पाठवला. रिसेप्शनवर उभी राहूनच उघडला. प्रत्येक इमारतीला एक पान. बांधकाम कसलं, गळती आहे का, तडे आहेत का, सध्या वापर काय. आणि खाली एक रकाना. "वापरात नसल्यास, केव्हापासून व कारण."

मी तो रकाना किती वेळ बघत उभी होते मला माहीत नाही. समोरचा गेस्ट म्हणाला, मॅडम, रूमची चावी. मी त्याला भलतीच चावी दिली.

कारण! सरकारी कागद स्वतःच्या तोंडानं विचारत होता, कारण सांगा! एवढी वर्षं कुणी विचारलं नव्हतं.

मग सरांकडून बाकीचं कळलं. भाऊ आता अध्यक्ष नाही, पण खुर्ची तशीच आहे त्याच्याखाली. त्याचा प्लॅन तयार होता. जुनी दगडी इमारत आणि किचन शेड धोकादायक दाखवायचं, त्यांचं निर्लेखन करायचं, म्हणजे कागदावरून उडवायचं आणि मग जेसीबी लावायचा. जागा बरोबर रस्त्याला लागून. शनिवार-रविवारी धरणावर येणाऱ्या गाड्यांना पार्किंग. चालवणार कोण, हे सांगायला नकोच. पोरांना स्लॅबच्या खोल्या आहेतच की! पाहणी मे महिन्यात उरकायची असं त्यानं सरांना सांगूनही टाकलं होतं.

मी त्याच दिवशी अर्ज लिहिला. पाहणी आषाढात करावी. मावळात घर कसं आहे ते आषाढात कळतं, उन्हाळ्यात सगळीच घरं चांगली असतात. खाली माझी सही आणि आमच्या बॅचच्या ग्रुपवरून जमवलेल्या बारा जणांच्या सह्या. लिहिल्यावर सह्या घेतल्या, वाचायला लावून घेतल्या. केंद्रप्रमुख मॅडमना ते पटलं. त्यांच्याकडं दहा-बारा शाळा आहेत, त्यांनाही मे महिन्यातल्या पाहण्यांचा वीट आला असावा. तारीख जुलैमधे गेली.

पाहणीच्या दिवशी पाऊस असा होता की जीपवाला म्हणाला, आज कोण जातंय शाळेत! मी साप्ताहिक सुट्टी बदलून घेतली होती, रेनकोटच्या आत लॅपटॉप, पोटाशी बाळासारखा. आईला सांगितलं नव्हतं. ती सकाळीच कामाला गेली होती.

शाळेत मॅडम आल्या होत्या, पंचायत समितीचे इंजिनिअर साहेब आले होते, आळीतले आणि वस्तीतले मिळून पंधरा-वीस जण होते. आणि मावशी होती. मावशी म्हणजे वरच्या आळीतली म्हातारी, गुडघ्यानं वाकलेली, जिभेनं नाही. तिला कुणी बोलावत नाही आणि ती कुठंच चुकत नाही.

भाऊ छत्री धरून पुढं. मला बघून म्हणाला, "कोन गं तू? खालच्या वस्तीतली ना? मोठी झाली की!"

"झाले," मी म्हटलं.

"काय करती?"

"टाइप."

हसला. "चांगलंय. लिव, लिव."

आधी जुनी इमारत. इंजिनिअरसाहेबांनी भिंतीवर हात फिरवला, बॅटरी मारून वाशे बघितले, जमिनीवर बघितलं. कोरडी. कोपऱ्यातसुद्धा कोरडी! बाहेर एवढा धो धो आणि आत खडूची भुकटी जशीच्या तशी. साहेब म्हणाले, "कोण शाकारतं हे?"

"आमीच की," मावशी म्हणाली. "मिरगाच्या आदी घरटी एक मानूस. वरच्या आळीची पोरं वर चढत्यात, वस्तीतली खालनं कौलं देत्यात. माज्या लग्नाच्या आदीपासनं चाललंय."

"जुनं झालंय वो सायेब," भाऊ मधे पडला. "कवा पडंल सांगता येत न्हाई. पोरं बसत्यात आत."

"पोरं आतच बसतात का?" साहेबांनी सरांना विचारलं. "मग स्लॅबमधे कोण बसतं?"

सर खाली बघून म्हणाले, "पावसाळ्यात इकडंच घेतो सर मी."

का ते पुढच्याच मिनिटाला दिसलं. स्लॅबच्या पहिल्या खोलीत बादली, दुसऱ्या खोलीत दोन बादल्या आणि एक घमेलं. साहेबांनी छत्रीच्या टोकानं छताला टोचलं तर गिलाव्याचा ताटाएवढा पापुद्रा सुटून त्यांच्याच पायाजवळ पडला. आत सळई, तांबडीलाल, फुगलेली. मॅडम दोन पावलं मागं सरल्या. मी टाइप केलं. साहेबांनी विचारलं, "कुणी बांधलंय?"

 सगळ्यांनी एकाच माणसाकडं बघितलं, आणि मला ते बघणं टाइप करता येत नव्हतं ह्याचं वाईट वाटलं.

"पावसाळ्यात सगळंच गळतंय," भाऊ म्हणाला.

"शेजारचं न्हाई गळत," मावशी म्हणाली.

मग किचन शेड. कुलूप गंजलेलं, किल्ली भाऊच्या खिशात. झेडपीच्या शाळेची किल्ली भाऊच्या खिशात! उघडलं तर प्लेटा छतापर्यंत. साहेबांनी दोन-तीन जणांना सांगून पुढच्या ओढून बाहेर काढायला लावल्या. मी आत डोकावले. चूल होती. चुलीमागची भिंत होती. आणि काजळीवर, लाल, आईची सही होती. एकदा नाही, पंधरा-वीस वेळा, एकाखाली एक, वरच्या वेड्यावाकड्या आणि खाली येता येता नीट. मात्रा उजवीकडं कललेल्या.

रडायचं नाही असं ठरवूनच आले होते. मी फोटो काढला. सरांनी विचारलं, हे काय आहे? मी म्हटलं, भिंत चांगल्या स्थितीत आहे सर, लिहिते मी.

मग सगळे जुन्या खोलीत जमले, सतरंज्यांवर, ओल्या पायांनी. मॅडमनी कागद काढले. सह्यांचं पान वेगळं, कोरा तक्ता. मॅडम म्हणाल्या, "सह्या शेवटी करू, सगळं वाचून झाल्यावर."

आणि भाऊ म्हणाला, "आदी उरकून घ्या मॅडम, लोकांना कामं हायत."

तेच वाक्य, एवढ्या वर्षांनी! मी तोंड मिटून बसले. मी सांगू शकले असते की मॅडम, तुमचंच बरोबर आहे. नाही सांगितलं. एक शब्द नाही. मॅडम घुटमळल्या, पण भाऊनं तोवर पान ओढून घेतलंही होतं. पहिली सही त्याची. लांबलचक, खाली दोन रेघा. मग पान फिरलं. माझ्याकडं आलं तेव्हा मी म्हटलं, मी शेवटी करते, माझे हात ओले आहेत.

बोलणं सुरू झालं. जुनी इमारत ठेवायची हे तिथल्या तिथं ठरलं, कोरड्या जमिनीवर बसून ती पाडा असं कोण म्हणणार? स्लॅबच्या दोन खोल्या वापरायच्या नाहीत, साहेबांनी स्पष्ट सांगितलं. भाऊचा चेहरा उतरायला लागला, पण तो अजून निवांत होता. कारण त्याच्या हिशेबानं हे सगळं नुसतं बोलणं होतं. सगळे गेल्यावर तो खुर्चीत रेलणार होता आणि सांगणार होता, हं, लिवा.

त्याला वाटत होतं मी फॉर्म भरतेय. मी प्रत्येकाचं प्रत्येक वाक्य लिहीत होते.

"किचन शेड," मॅडम म्हणाल्या. "वापरात नाही. केव्हापासून?"

"मी तिसरीत असल्यापासून," मी म्हटलं.

"कारण?"

कौलांवरचा पाऊस ऐकू यायला लागला.

"स्वयंपाकी बाईनं काम सोडलं व्हतं," भाऊ म्हणाला. "सोताहून. घरची अडचन."

"माझ्या आईनं," मी म्हटलं. बोटं थांबवली नाहीत. "आमच्या घरी काय अडचण होती भाऊ?"

"ती तुमाला म्हाईत."

"आम्हाला नव्हती माहीत. म्हणून विचारतेय."

"आगं, जुनं कशाला उकरती? लोकांची पोरं जेवत न्हवती, म्हनून बदलली. बास?"

"कुनाची?" मावशी. "कुनाची पोरं जेवत न्हवती? माजी नात दोन वाट्या खायाची, घरी येऊन माज्या भाकरीला नावं ठेवायची. नाव घे की."

"मावशे, तू गप बस."

"का गप बसू? सांग की सोताचं नाव. तुजीच पोर न्हाई खानार म्हनलातास दुकानावर. मी मीठ घ्यायला आलते, ह्या कानानं ऐकलं."

भाऊ चिडला. आणि चिडला की माणूस खरं बोलतो, हे मला रिझर्व्हेशन डेस्कवर रोज दिसतं.

"व्हय म्हनलो!" तो म्हणाला. "तवा तसंच चालायचं. वस्तीतल्या बाईच्या हातचं आमची पोरं खानार न्हवती, म्हनून काढलं मी तिला. मग? फाशी देता का आता?"

टक टक टक टक. मी वर बघितलंसुद्धा नाही.

"आरं वा," मावशी म्हणाली. "तिच्या नवऱ्यानं खालनं दिलेली कौलं डोक्यावर चालत्यात तुला, खिचडी चालत न्हाई व्हय रं?"

कुणीतरी फस्सकन हसलं. मग अजून एक. आणि त्या हसण्याच्या भरात माझ्या तोंडून गेलं. मी ठरवलं नव्हतं. म्हणजे रात्रंदिवस मनात होतं, पण बोलायचं ठरवलं नव्हतं.

"तुमची मुलगी खायची भाऊ. रोज. माझ्या ताटात. करंजाच्या मागं."

तो माझ्याकडं बघत राहिला. मला वाटलं ओरडेल. नाही ओरडला. त्याचं तोंड नुसतं उघडं राहिलं, आणि मी ते बघितलं, पोटभर बघितलं. इतक्या वर्षांनी जेवल्यासारखं वाटलं मला.

मग मॅडमनी सगळं वाचायला सांगितलं. मी उभी राहून वाचलं. मोठ्यानं, तिसरीतल्यासारखं. "किचन शेड. भिंती चांगल्या, पत्रा बदलावा. वापरात नसल्याचे कारण..." आणि खाली भाऊचं वाक्य, त्याच्याच शब्दांत, "काढलं मी तिला" पर्यंत.

"हे लिवायचं नसतं!" भाऊ उठला. "मॅडम, हे बोलनं हाय. बोलनं येगळं आनि लिवनं येगळं."

"तुम्ही बोललात की नाही?" मॅडमनी विचारलं.

"बोललो, पन..."

"बोलला, बोलला," मागून पाच-सात आवाज आले. वस्तीतले होतेच, पण आळीतलेही होते. हे मात्र मला अपेक्षित नव्हतं.

"माजी हरकत हाय. लिवून घ्या."

"घेतली," मी म्हटलं, आणि वाचलं, "भाऊंनी हरकत घेतली की मी बोललो ते लिहू नये."

आता तर मॅडमही हसल्या.

"मी सही करनार न्हाई ह्याच्यावर!"

मावशीनं शांतपणे सह्यांचं पान उचललं आणि उजेडाकडं धरलं. "केलीय की. समद्यांच्या आदी."

तो पानाकडं बघत होता, दोन रेघांच्या सहीकडं. मला वाटतं त्याला त्या वेळी आठवलं असेल. आठवलं नसलं तरी चालेल, मला आठवत होतं. मी शाळेच्या प्रिंटरवर कागद काढले, सह्यांच्या पानावर टाचले, आणि शेवटची सही केली.

मॅडम जाता जाता एकच म्हणाल्या, "पुढच्या वेळी सह्या शेवटी. मीच ढिली पडले." मला उद्देशून होतं की भाऊला, कळलं नाही. थोडं मलाही असावं. असू दे.

दुपारी घरी येऊन बसले तर मोबाइल वाजला. भाऊची मुलगी. ती आता तळेगावला असते, लग्न झालंय, आमचं वर्षातून एकदा वाढदिवसापुरतं बोलणं. गावातल्या बातमीला तिथं पोचायला दोन तास लागले होते फक्त. तिनं लिहिलं होतं, "खरं बोललीस. पण माझं नाव घ्यायच्या आधी मला विचारायचं होतंस."

फास्ट टाइप करणारी मी, मला अजून त्याला उत्तर सुचलेलं नाही. हीच ती गोष्ट, वाईट वाटणारी. भाऊचं काही वाटत नाही. त्या दिवसापासून तो दुकानाच्या पायरीवर बसत नाही, घरातूनच बोलतो, असं मावशी सांगते, आणि मी दर वेळी तिला पुन्हा सांगायला लावते.

सहा वाजता आई आली. ओली, हाताला गुळाचा वास. मी चहासुद्धा टाकू दिला नाही, तिला खाली बसवलं आणि सगळं सांगितलं, उड्या मारत, पुढचं आधी, मागचं नंतर, मावशीचा आवाज काढून. ती ऐकत होती. मग मी प्रिंटची माझी कॉपी काढली आणि कारणाचा रकाना वाचून दाखवला. हळू वाचला ह्या वेळी.

ती म्हणाली, "पुन्यांदा वाच."

मी परत वाचलं.

"आनि आता? शेड चालू करनार?"

"हो. सर विचारत होते, आई येतील का परत."

"मी कशाला जाती? माजं चाललंय चिक्कीचं." पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "पन इचारलं व्हतं म्हनून गावात सांग. समद्यांना सांग."

मी भिंतीचा फोटो दाखवला. तिनं मोबाइल हातात घेतला, अगदी जवळ धरला. दोन बोटांनी मोठा करून दाखवला मी. ती त्या लाल अक्षरांवरून अंगठा फिरवत होती आणि फोटो सारखा सरकत होता.

"खाली त्याची सही हाय म्हनलीस ना? त्या कागदावर?"

"आहे ना."

"बघू."

मी पान पुढं धरलं. पहिल्याच ओळीत, लांबलचक, खाली दोन रेघा. आईनं चष्मा नसल्यामुळं पान लांब धरलं, जवळ आणलं, परत लांब धरलं. 

"वाकडी हाय," ती म्हणाली. "माजी बरी व्हती."

आणि चहा टाकायला उठली.